राजकीय चातुर्यदर्शक इंग्रजी शब्दप्रयोग : अर्थच्छटा आणि वापरातील विवेक

बीजसंज्ञा : राजकीय परिभाषा, रूपक, अर्थच्छटा, मूल्यनिर्णय, मराठी वृत्तपत्रीय भाषा

प्रस्तावना

एखाद्या नेत्याने अनपेक्षित निर्णय घेतला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्याचे वर्णन ‘मास्टरस्ट्रोक’, ‘गेमचेंजर’, ‘ट्रम्प कार्ड’ किंवा ‘गुगली’ अशा शब्दांनी झालेले दिसते. हे शब्द आता राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आणि संशोधन निबंधांतही स्थिरावले आहेत. परभाषेतील शब्द स्वीकारणे मराठीला नवीन नाही. ‘मुत्सद्दी’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात तो कारकून किंवा कारभारी या अर्थाचा होता. मराठीने त्याला राजकारणधुरंधराची प्रतिष्ठा दिली. त्यामुळे शब्द परका आहे, ही अडचण नव्हे. वर्णनाच्या रूपात येणारे हे शब्द प्रत्यक्षात निकाल देत असतात आणि तोही बहुधा पुरावा हाती येण्यापूर्वी, ही खरी अडचण आहे. प्रस्तुत लेखात या शब्दप्रयोगांचा उगम, त्यांच्यातील अर्थभेद आणि अभ्यासात त्यांचा वापर करताना पाळावयाचा विवेक यांचा विचार केला आहे.

विशेषणांची उतरंड

इंग्रजीत चतुर निर्णयासाठी अनेक विशेषणे असली तरी ती समानार्थी नाहीत. ‘प्रूडंट’ म्हणजे परिणामांचा विचार करून घेतलेला, सुज्ञ निर्णय. ‘ॲस्ट्यूट’ म्हणजे परिस्थितीचे मर्म अचूक ओळखणारा. मराठीतील ‘चाणाक्ष’ त्याच्या जवळ जातो. ‘श्रूड’ मध्ये व्यवहारी हिशेब असतो. ‘धोरणी’ हा त्याचा निकटचा पर्याय होय. ‘कनिंग’ मध्ये कावेबाजपणा येतो. ‘एक्स्पीडियंट’ म्हणजे तत्त्वापेक्षा सोय पाहून घेतलेला निर्णय. ‘पॉलिटिक’ हे विशेषण ‘पॉलिटिकल’ हून वेगळे आहे. त्याचा अर्थ ‘प्रसंगोचित, शहाणपणाचा’ असा होतो, ‘राजकीय’ असा नव्हे.

या शब्दांचा इतिहासही उद्बोधक आहे. ‘श्रूड’ चा मध्ययुगीन इंग्रजीतील अर्थ ‘दुष्ट, खोडसाळ’ असा होता. पुढे निंदेचा रंग उतरून त्यात प्रशंसेचा भाव आला. संस्कृतात ‘धूर्त’ म्हणजे ठक. मराठीत मात्र या शब्दावरील निंदेचा डाग पूर्णपणे पुसला गेलेला नाही. म्हणूनच ‘श्रूड’ चे भाषांतर सरसकट ‘धूर्त’ असे केल्यास मूळ लेखकाने न केलेली टीका त्याच्या माथी मारली जाते.

रूपकांचे उगम

नामवाचक प्रयोग बहुतेक खेळांतून आणि कारागिरीतून आले आहेत. ‘मास्टरस्ट्रोक’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आढळतो. त्यात सिद्धहस्ताच्या हातचे कौशल्य अभिप्रेत आहे. मराठी वाचकाला मात्र त्यात क्रिकेटचा फटका ऐकू येतो. ‘ट्रम्प’ हा पत्त्यांतील शब्द ‘ट्रायम्फ’, म्हणजे विजय, या शब्दापासून बनला असून मराठीतील ‘हुकमाचा एक्का’ नेमके तेच सांगतो. ‘गॅम्बिट’ हा बुद्धिबळातील शब्द इटालियन भाषेतील ‘पाय अडकवून पाडणे’ या अर्थाच्या शब्दापासून आला. स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ याने इ.स. १५६१ च्या आपल्या बुद्धिबळविषयक ग्रंथात तो वापरला. सुरुवातीलाच प्यादे देऊ करून पुढील लाभ साधणे, हे त्याचे सार होय. म्हणून ज्या निर्णयात काहीच पणाला लावलेले नाही, त्याला ‘गॅम्बिट’ म्हणणे अयोग्य ठरते. ‘चेकमेट’ आणि मराठीतील ‘शह’ व ‘मात’ यांचा उगम तर एकाच फारसी शब्दप्रयोगात आहे. ‘शहाला काटशह’ म्हणणाऱ्याला ‘चेकमेट’ ची उसनवारी करण्याचे कारण उरत नाही.

काही प्रयोग सीमा ओलांडताना अर्थ बदलतात. ‘हॉर्स ट्रेडिंग’ म्हणजे इंग्रजीत मुख्यतः चिवट, देवघेवीची सौदेबाजी. ती भ्रष्टच असेल असे नाही. मराठीतील ‘घोडेबाजार’ मात्र लोकप्रतिनिधींच्या खरेदी-विक्रीसाठी रूढ झाला आहे. ‘कू’ या फ्रेंचमधून आलेल्या शब्दाचा मूळ अर्थ ‘आघात’ असा आहे. ‘डिप्लोमॅटिक कू’ ही प्रशंसा ठरते, तर केवळ ‘कू’ म्हटल्यास बळाने घडवलेला सत्तापालट सूचित होतो. ‘रियलपॉलिटिक’ ही संज्ञा जर्मन लेखक लुडविग फॉन रोखाऊ याने १८५३ मध्ये रूढ केली. सत्तेच्या वास्तवाचे भान ठेवून राजकारण करणे, असा तिचा आशय होता; आज ती अनेकदा तत्त्वशून्यतेचे सभ्य नाव म्हणून वापरली जाते.

एक निर्णय, चार शब्द

शब्दाच्या निवडीने निर्णयाचा अर्थ कसा बदलतो, हे १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणावरून स्पष्ट होते. १६ जुलै १९६९ रोजी इंदिरा गांधी यांनी मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेतले आणि १९ जुलै रोजी अध्यादेशाद्वारे प्रत्येकी ५० कोटी रुपये वा अधिक ठेवी असलेल्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस पक्ष फुटला. १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संबंधित कायदा रद्द ठरवला, तेव्हा सरकारने नवा अध्यादेश काढला. मार्च १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधी यांच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या.

या घटनाक्रमाला ‘मास्टरस्ट्रोक’ म्हटले की लक्ष पक्षांतर्गत प्रतिस्पर्ध्यांवरील मातीकडे जाते. ‘एक्स्पीडियंट’ म्हटले की आर्थिक धोरण सत्तासंघर्षाचे साधन ठरते. ‘रियलपॉलिटिक’ म्हटले की अल्पमताच्या भीतीतून आलेली अपरिहार्यता पुढे येते. ‘स्टेट्समनशिप’ म्हटले की शेती व लघुउद्योगांना मिळावयाच्या पतपुरवठ्याचा प्रश्न केंद्रस्थानी येतो. घटना तीच, तारखा त्याच. पण प्रत्येक शब्द वेगळा पुरावा मागतो. पहिल्यासाठी पक्षाचा इतिहास पुरेसा आहे, शेवटच्यासाठी ग्रामीण शाखा आणि कर्जवाटप यांची पुढील काही दशकांची आकडेवारी तपासावी लागेल. विद्यार्थ्याने पहिला शब्द वापरून चौथ्याचा निष्कर्ष काढला, तर तो भाषेचा नव्हे, तर विचारपद्धतीचा दोष ठरतो.

काळाची कसोटी

यशापूर्वी वापरलेला यशवाचक शब्द किती लवकर शिळा होतो, याची उदाहरणे विपुल आहेत. ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी जनमत चाचण्यांतील मोठ्या आघाडीच्या आधारे १८ एप्रिल २०१७ रोजी मुदतपूर्व निवडणुकीची घोषणा केली. त्या दिवशी हा निर्णय ‘ॲस्ट्यूट’ वाटण्यासारखाच होता. ८ जूनच्या मतदानात त्यांच्या पक्षाच्या जागा २०१५ मधील ३३० वरून ३१७ वर आल्या आणि बहुमत गेले. विश्लेषकाला हाच निर्णय आता ‘गॅम्बल’, म्हणजे जुगार, म्हणावा लागतो.

महाराष्ट्रातील अनुभव याहून वेगळा नाही. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. त्या दिवशी ‘मास्टरस्ट्रोक’ लिहिणाऱ्याला २६ नोव्हेंबर रोजी राजीनाम्याची बातमी लिहावी लागली. जून २०२३ च्या अखेरीस शरद पवार यांनी त्याच घडामोडींच्या संदर्भात आपण ‘गुगली’ टाकल्याचे सांगितले आणि त्यानंतर काही दिवसांतच, २ जुलै रोजी, अजित पवार राज्य सरकारमध्ये उपमुख्यमंत्री म्हणून सामील झाले. कोणाची खेळी सरस, हा येथे मुद्दा नाही. डाव संपलेला नसताना जय-पराजयाची भाषा वापरल्यास ती पुनःपुन्हा मागे घ्यावी लागते, एवढेच यातून दिसते.

वापरातील विवेक

अशा शब्दांचा वापर करताना तीन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल. चातुर्य कोणत्या उद्दिष्टासाठी : सत्ता मिळवण्यासाठी, टिकवण्यासाठी की सार्वजनिक हितासाठी? किंमत कोणी मोजली : निर्णय घेणाऱ्याने की इतरांनी? आणि हा निर्वाळा कोणत्या तारखेच्या पुराव्यावर दिला आहे? उत्तरे मिळेपर्यंत ‘खेळी’, ‘डावपेच’, ‘पवित्रा’ हे तुलनेने तटस्थ शब्द वापरावेत. ‘मुत्सद्देगिरी’ हा शब्द परिणाम सिद्ध झाल्यावर वापरावा. इंग्रजी शब्द नेत्याच्या वा वृत्तपत्राच्या तोंडचा असेल, तर तो अवतरणचिन्हांत ठेवून कोणाचा आहे ते सांगावे. उत्तरपत्रिका तपासताना ‘मास्टरस्ट्रोक’ खाली रेघ ओढण्याऐवजी ‘कोणासाठी?’ असा शेरा दिल्यास विद्यार्थ्याला तो शब्द का अपुरा आहे, हेही कळेल.

समारोप

खेळाची रूपके राजकारण समजून घेण्यास साहाय्यक ठरतात. परंतु ती वाचकाला नकळत प्रेक्षकांच्या जागी नेऊन बसवतात. प्रेक्षक फटक्याला दाद देतो. त्या फटक्याचा परिणाम त्याच्या रेशनवर, कर्जावर वा मतावर होत नाही. नागरिकाचे तसे नसते. निर्णय किती चतुर होता, यासोबतच तो कितपत योग्य होता, हे विचारण्याचा त्याचा अधिकार शब्दांच्या झगमगाटात हरवू नये. राज्यशास्त्र आणि भाषा या दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी हा भेद वर्गात जागता ठेवल्यास इंग्रजी शब्द मराठीत सुखाने नांदतील आणि विचाराची जागाही घेणार नाहीत.