गाणारे व्हायोलिन

आमच्या घरी मराठी, शेजारी कन्नड आणि वर्गात इंग्रजी. शाळेत ‘मुद्दल’ म्हणून शिकलेले कॉलेजात ‘प्रिन्सिपल’ झाले, तेव्हा दहा वर्षांचे शिक्षण फुकट गेले असे मला वाटले होते. डॉ. एन. राजम यांच्या वाटचालीने माझे हे मत बदलले.

राजम यांचा जन्म १९३८ चा. वडील ए. नारायण अय्यर यांनी त्यांना व थोरले बंधू टी. एन. कृष्णन यांना लहानपणीच कर्नाटक पद्धतीचे व्हायोलिन शिकवले. बंधू त्याच पद्धतीत नावाजले. राजम मात्र पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे हिंदुस्थानी संगीत शिकल्या. ओंकारनाथ हे आपल्या बेळगावहून फार दूर नसलेल्या कुरुंदवाडात जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आणि स्वतः गायक. गुरूने गळ्याने गायचे आणि शिष्येने ते तारेवर उतरवायचे!

खरी अडचण येथेच होती. कर्नाटक संगीतात स्वराला गमकाचा डोल असतो. ख्यालात स्वर बराच वेळ स्थिर ठेवावा लागतो आणि पुढच्या स्वरावर मींडेने सावकाश जावे लागते. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत. त्यामुळे बोट न उचलता तारेवरून सरकवता येते. पण भलत्याच ठिकाणी गज उलटला, तर गाताना मध्येच श्वास तुटावा तसा सूर तुटतो. म्हणून गज लांब व संथ ओढायचा आणि बंदिशीतल्या शब्दांच्या ओघाने फिरवायचा. यालाच गायकी अंग म्हणतात.

या वादनाबरोबरच राजम यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात सुमारे चाळीस वर्षे अध्यापन केले. १९८४ साली पद्मश्री, १९९० साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार व २००४ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. कन्या संगीता शंकर आणि नाती रागिणी व नंदिनी याही व्हायोलिनवादक झाल्या. कृष्णन २०२० साली निवर्तले. त्यांची व राजम यांची जुगलबंदी म्हणजे एकाच घरात घडलेल्या दोन हातांचा दोन पद्धतींतला संवाद असे.

लहानपणी बोटांत मुरलेली अचूकता पद्धत बदलल्याने वाया गेली नाही. मात्र ती जशीच्या तशी चाललीही नाही. गज नव्याने धरावा लागला. आता हिशेबाचे एखादे प्रकरण अडले, की मी ते आधी मराठीत समजून घेतो आणि मग इंग्रजीत लिहितो. मुद्दल जुनेच आहे, पेढी तेवढी नवी.