चव्वेचाळिशीच्या आधीची वीस वर्षे

कोलंबियातल्या अँटिओक्विया प्रांतात काही घराणी अशी आहेत, की चाळिशी ओलांडली की त्यांतल्या कुणाकुणाची आठवण दगा देऊ लागते. मेडेलिनचे मेंदूतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी १९८०च्या दशकापासून त्यांच्या वंशावळी जुळवल्या. मूळ सापडले ते प्रेसेनिलिन-१ या जनुकातल्या एका बदलात. आई किंवा वडिलांकडून तो मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. आला, तर साधारण ४४व्या वर्षी स्मृती ढासळते आणि ४९च्या सुमारास अल्झायमरचा स्मृतिभ्रंश गाठतो.

आजार कधी सुरू होणार हे इतके आधी ठाऊक असल्याने त्याची पावले मोजता आली. पूर्वी त्यासाठी पाठीतले पाणी काढावे लागे. त्यात अमायलॉइड-४२ हे प्रथिन कमी भरते, कारण ते मेंदूतच साचून बसलेले असते. आता साधे रक्तही बरेच सांगते. २०२०च्या अभ्यासांत याच घराण्यांतल्या जनुकवाहकांच्या रक्तात न्यूरोफिलामेंट, म्हणजे झिजणाऱ्या चेतातंतूंचे प्रथिन, २२व्या वर्षापासूनच जास्त आढळले. पी-टाऊ२१७ हे दुसरे प्रथिन पंचविशीच्या आसपास वाढू लागले होते. पहिली खूण मोघम आहे, मेंदूच्या इतर आजारांतही ती वाढते. दुसरी मात्र बरीचशी अल्झायमरचीच.

खूण कळली, इलाज मात्र हाती आला नाही. क्रेनेझुमॅब या औषधाची तिथली चाचणी २०२२मध्ये फसली. त्या चाचणीत जनुकातला तो बदल नसलेले नातेवाईकही घेतले होते, त्यांना नुसतेच बिनऔषधी इंजेक्शन. कारण सहभागी झालो म्हणजे आपल्यात तो बदल आहे, असे कुणाला ताडता येऊ नये! मला ही खबरदारी शोधाइतकीच मोलाची वाटते.

मे २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पी-टाऊ२१७वर आधारलेल्या रक्तचाचणीला परवानगी दिली, पण लक्षणे असलेल्या, ५५ किंवा त्याहून अधिक वयाच्या रुग्णांसाठी. चाळिशीतले रुग्ण त्या चौकटीबाहेरच राहिले.

पासष्टीआधी अल्झायमर होणाऱ्या बहुतेकांत असा जनुकबदल नसतो. शिवाय ही रक्तचाचणी लक्षणे असलेल्यांसाठीच आहे, म्हणून धडधाकट माणसाने हौसेखातर ती करून घेऊ नये. मात्र पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस रोजच्या हिशेबात, ओळखीच्या रस्त्यावर वारंवार अडखळत असेल, तर ‘कामाचा ताण असेल’ म्हणत वर्ष घालवू नका. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.