जुन्या ट्रकच्या इंजिनाची सुधारणा आणि सुट्या भागांची विनिमेयता : शेव्हर्ले ३५० इंजिनाच्या संदर्भात

प्रस्तावना

यंत्रयुगाने मानवी व्यवहाराला ज्या मूलभूत संकल्पना दिल्या, त्यांत सुट्या भागांची विनिमेयता ही एक महत्त्वाची संकल्पना होय. एकाच जातीच्या शंभर भागांतून कोणताही उचलावा आणि तो कानस न लावता यंत्रात बसावा, एवढाच तिचा साधा अर्थ. १९०८ साली इंग्लंडमधील रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तीन कॅडिलॅक मोटारी पूर्णपणे सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले व त्यांतून पुन्हा तीन मोटारी उभ्या करून ब्रुकलँड्सच्या धावमार्गावर ५०० मैल चालविल्या. या चाचणीबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर करंडक मिळाला. तथापि त्या चाचणीत एका भागाची जागा त्याच नमुन्याच्या दुसऱ्या भागाने घेतली होती. जुन्या इंजिनात नव्या, अधिक कार्यक्षम नमुन्याचा भाग बसविणे ही त्यापुढची पायरी आहे; आणि तेथे 'बसणे' व 'जुळणे' या दोन भिन्न गोष्टी ठरतात. हा भेद अमेरिकेतील शेव्हर्ले ट्रकांच्या ५.७ लिटर पेट्रोल इंजिनाच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. (अमेरिकेत 'ट्रक' ही संज्ञा आपण ज्याला पिकअप म्हणतो त्या वाहनासही लावली जाते.)

एका इंजिनाचे घराणे

शेव्हर्लेचे 'स्मॉल ब्लॉक' या नावाने ओळखले जाणारे आठ सिलिंडरचे इंजिन १९५५ साली बाजारात आले. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतील ४.४ इंचांचे अंतर या घराण्यात पुढे अनेक दशके कायम राहिले. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव बदलत गेली, परंतु सांगाडा तोच राहिला. ४ इंच व्यास व ३.४८ इंच धाव असलेले ३५० घन इंचांचे रूप १९६७ साली आले आणि पुढे तेच ट्रकांचे मुख्य इंजिन बनले. जुन्या इंजिनाला नवा भाग मिळतो तो सांगाड्याच्या या सातत्यामुळेच.

मात्र हे सातत्य फसवेही आहे. याच घराण्यातील ४०० घन इंचांच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट ३५० च्या ब्लॉकमध्ये घातला, तर धाव ३.७५ इंच होते आणि सिलिंडर थोडे वाढवून घेतल्यावर ३८३ घन इंचांचे इंजिन तयार होते. कारागिरांत ही युक्ती सर्वश्रुत आहे. परंतु त्या शाफ्टचे मुख्य जर्नल २.६५ इंचांचे, तर ब्लॉकमधील जागा २.४५ इंचांची, म्हणजे ते घासून कमी करावेच लागतात. शिवाय त्या शाफ्टचा समतोल बाहेरील वजनांवर अवलंबून असल्याने पुढचा डॅम्पर व मागचे फ्लायव्हीलही त्यानुसार बदलावे लागते.

हवेचा मार्ग

पेट्रोल इंजिन किती शक्ती देईल हे मुख्यतः ते किती हवा आत घेऊ शकते यावर ठरते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ट्रकांतील ३५० इंजिन ४००० फेऱ्यांना २१० अश्वशक्ती देत असे. त्याच्या सिलिंडर हेडच्या आगममार्गात मिश्रणाला भोवरा देणारा एक उंचवटा होता. कमी फेऱ्यांना त्याने ज्वलन उत्तम होई. फेरे वाढले की तोच उंचवटा वाट अडवी. १९९६ पासून आलेल्या 'व्हॉर्टेक' इंजिनात हा मार्ग नव्याने आखण्यात आला. आकारमान तेच, संपीडन गुणोत्तर जवळजवळ तेच. पण शक्ती ४६०० फेऱ्यांना २५५ अश्वशक्ती झाली. या वाढीत कॅमशाफ्ट व इंधनप्रणालीचाही वाटा आहे, हे नोंदविले पाहिजे. तरीही हेडचे श्रेय मोठे असल्याने जुन्या ट्रकवर व्हॉर्टेक हेड चढविणे ही सर्वांत लोकप्रिय सुधारणा ठरली.

हे हेड जुन्या ब्लॉकवर सहज बसते. पण आगम मॅनिफोल्ड जुळत नाही. जुन्या हेडला तो १२ बोल्टांनी बसे, नव्याला ८ बोल्टांनी बसतो. त्यामुळे मॅनिफोल्ड वेगळा घ्यावा लागतो. मूळ स्प्रिंग व रिटेनर ठेवल्यास या हेडमध्ये व्हॉल्व्हला साधारण साडेअकरा मिलिमीटरपेक्षा अधिक उचल देता येत नाही. जोरकस कॅमशाफ्ट हवा असेल तर हेडवर यंत्रकाम आले. वापरलेली हेड्स भेगांसाठी तपासूनच घ्यावी लागतात. आणि एवढे करूनही एक्झॉस्टचा नळ जुनाच अरुंद ठेवला, तर बोळ रुंद करून वेस तशीच ठेवल्यासारखे होते.

संगणकाची समजूत

प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाब येथे आहे. १९८७ नंतरच्या या ट्रकांत कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटलवर बसविलेले दोन इंजेक्टर असत व त्यांचे नियंत्रण संगणक करी. हा संगणक हवा मोजत नाही. मॅनिफोल्डमधील दाब, तापमान आणि फेरे पाहून, मूळ इंजिनासाठी तयार केलेल्या कोष्टकावरून तो हवेचा अंदाज बांधतो. हेड वा कॅमशाफ्ट बदलले तरी त्याची समजूत जुनीच राहते. विशेषतः आगम व निष्कास व्हॉल्व्ह अधिक काळ एकत्र उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट घातला की इंजिन रिकामे चालताना मॅनिफोल्डमधील निर्वात कमी होतो. संगणक त्याचा अर्थ 'भार वाढला' असा लावतो व जादा पेट्रोल सोडतो. म्हणून चिपमधील कोष्टक नव्याने लिहिणे हा सुधारणेचाच एक घटक मानला पाहिजे. याच निर्वातावर ब्रेकचा बूस्टरही चालतो, याचा विसर पडणे मात्र जिवावर बेतू शकते.

कॅमशाफ्टची निवड करताना वाहनाचा उपयोग निर्णायक ठरतो. ओझे वाहणाऱ्या ट्रकचे बहुतेक आयुष्य १५०० ते ३००० फेऱ्यांच्या दरम्यान जाते. ६००० फेऱ्यांना भरघोस अश्वशक्ती देणारा, पण खाली टॉर्क गमावणारा शाफ्ट चढणीवर मालकाला पस्तावायला लावतो. व्हॉर्टेक इंजिनाचे खरे यश हे की त्याचा कमाल टॉर्क जुन्या इंजिनाप्रमाणे २८०० फेऱ्यांनाच मिळे, पण तो ३०० वरून ३३० पौंड-फूट झाला.

कायद्याची चौकट

व्हॉर्टेक हेडमध्ये निष्कास वायू मॅनिफोल्डकडे नेणारी आडवी वाट नाही. त्यामुळे त्याचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये फिरविण्याची प्रदूषणरोधक व्यवस्था टिकवायची तर बाहेरून नळी जोडावी लागते. अनेक जण ती व्यवस्थाच बंद करतात. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार हे बेकायदेशीर आहे. कॅलिफोर्नियात तर प्रदूषणाशी संबंधित सुधारित भागाला राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा सूट-आदेश असावा लागतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांहून नोंदणीतील तपशील वेगळे ठरतील असा बदल करण्यास मनाई आहे. इंजिन बदलण्यासाठी विहित अटी व मान्यता लागते.