रात्रीची सायकल, सोबत कुत्रा

सायकलीला दिवा लावून, मागे इमानी कुत्रा दौडवीत रात्री येऊरच्या जंगलवाटेने जावे, हा बेत ठाण्या-डोंबिवलीच्या तरुणांस मोठा मोहक वाटतो. ‘कुत्रा असता भय कसले?’ असे त्यांचे म्हणणे. परंतु येथे कुत्रा हा राखणदार नव्हे, भक्ष्य आहे. येऊर सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वांगास आहे. तेथील बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी अभ्यासकांनी केली, तेव्हा तीत कुत्र्यांचे अवशेष वारंवार आढळले. बिबट्या लांबवर पाठलाग करीत नाही. झुडपाआड दबा धरतो आणि एकदम मान पकडतो. दिव्याने पुढची चार पावले उजळतात खरी, पण त्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांस बाजूचा अंधार अधिकच दाट भासतो, आणि मागून धावणारा कुत्रा नेमका त्याच अंधारात असतो. हिमालयातील मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात अणकुचीदार लोखंडी पट्टे बांधतात, ते काही शोभेसाठी नव्हे! शिवाय उद्यानात रात्री प्रवेश निषिद्ध आहे; पाळीव कुत्र्यास तर दिवसाही. त्याला धाववावयाचेच तर चांगले उजाडल्यावर, वस्तीतल्या रस्त्याने, दोरी हाती धरून न्यावे. रात्री मात्र वस्तीतही मोकळा सोडू नये; 2019 च्या फेब्रुवारीत एक बिबट्या ठाण्यातील व्यापारी संकुलापर्यंत येऊन पोहोचला होता.