गदेचा हिशेब श्वासात

काशीच्या आखाड्यांत व्यायामाचे मोजमाप पूर्वापार संख्येने होत आले आहे. दंड किती, बैठका किती, मुद्गलांची जोडी किती वेळा फिरली, गदा किती वजनाची आणि ती किती हात चालली, याच भाषेत तिथला पहिलवान आपली मेहनत सांगतो आणि नागपंचमीच्या स्पर्धांतही हेच पाहिले जाते. ही गणती चिकाटीची उत्तम कसोटी असली, तरी त्या मेहनतीत शरीराने किती ऊर्जा वेचली हे तिच्यावरून समजत नाही. 50 किलोच्या पोराच्या हजार बैठका आणि 90 किलोच्या मल्लाच्या हजार बैठका आखाड्याच्या लेखी सारख्याच ठरतात.

बैठकांचा निदान अर्धा हिशेब पदार्थविज्ञान देऊ शकते. 70 किलोच्या पहिलवानाचा गुरुत्वमध्य प्रत्येक बैठकीत 40 सेंटिमीटर वर उचलला जातो असे धरले, तर एका बैठकीचे काम सुमारे 275 ज्यूल, म्हणजे मिनिटाला 30 बैठकांचे जवळपास 2 किलोकॅलरी होते. गदेपाशी मात्र हा मार्ग खुंटतो, कारण बांबूच्या दांड्यावर बसवलेला दगडी गोळा पाठीमागून फिरून जिथून निघाला तिथेच, खांद्यावर, परत येतो आणि पूर्ण फेरीअखेर त्याच्यावर झालेले निव्वळ काम शून्य भरते. फिरवणारा तर घामाने निथळत असतो.

हा खर्च सापडतो तो श्वासात. स्नायूंना लागणारी ऊर्जा अखेर अन्नाच्या ज्वलनातून येते आणि त्या ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, हे लाव्हाझिए आणि सेगँ या शास्त्रज्ञांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये विश्रांतीत व श्रमात ऑक्सिजन मोजून दाखवले होते. ते मोजमाप चालत्या-पळत्या माणसावर करण्याची सोपी सोय 1911 साली इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ क्लॉड डग्लस यांनी केली. ‘डग्लस पिशवी’ म्हणजे रबराचे अस्तर लावलेली, हवा न गळणारी मोठी कापडी पिशवी. नाकाला चिमटा लावून माणूस झडपेच्या मुखनळीतून बाहेरची हवा घेतो आणि सोडलेला श्वास पिशवीत साठतो. नाकानेच श्वास घ्यावा अशी शिस्त असलेल्या मल्लाला हा चिमटा जाचकच वाटणार, पण त्याशिवाय हिशेब जुळत नाही.

पुढचे काम आकडेमोडीचे आहे. बाहेरच्या हवेत 20.93 टक्के ऑक्सिजन असतो. वरच्या पहिलवानाने मिनिटाला 30 बैठका काढताना पिशवीतल्या हवेत तो समजा 16.9 टक्के उरला आणि मिनिटाला 40 लिटर हवा जमली, तर शरीराने सुमारे 1.6 लिटर ऑक्सिजन वापरला. एका लिटरमागे साधारण 5 किलोकॅलरी या दराने हा खर्च मिनिटाला 8 किलोकॅलरी होतो, आणि त्या बैठकांचे यांत्रिक काम त्याचा जेमतेम चौथा हिस्सा भरते. उरलेल्याची बहुतेक उष्णता होते. लिटरमागचा नेमका दर कर्बोदके जळतात की चरबी यावर थोडा बदलतो. तो ठरवण्यासाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि घेतलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर, म्हणजे श्वसन-गुणांक, काढतात. ते निव्वळ चरबीसाठी 0.7 आणि निव्वळ कर्बोदकांसाठी 1 असते. हे 40 लिटरही शून्य अंश तापमानाच्या कोरड्या हवेचे असावे लागतात. श्रावणातल्या काशीत 30 अंशांची, बाष्पाने भरलेली हवा पिशवीत असेल, तर तिचे आकारमान या दुरुस्तीने सुमारे 15 टक्के घटते, आणि ती दुरुस्ती विसरली तर पुढचे सगळे गणित फसते. जोरकस मेहनतीत काही ऊर्जा ऑक्सिजनवाचून उचलली जाते आणि तिची फेड धाप लागलेल्या पुढच्या मिनिटांत होते, म्हणून गदा खाली ठेवल्यावरही श्वास गोळा करत राहावे लागते.

आखाडा आणि प्रयोगशाळा यांची सांगड घालणारे नाव मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या व्यायामशाळेत तयार झालेले स्वामी कुवलयानंद यांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले, योगक्रियांना यंत्रे लावली आणि प्राणायामाने शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो ही लोकप्रिय समजूत मोजमापाअंती नाकारली. परंपरेविषयी आदर बाळगून तिच्या दाव्यांना आकड्यांसमोर उभे करण्याची ही वृत्ती आजही दुर्मिळच म्हणावी लागेल. काशीतही हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेत डॉ. के. एन. उडुप यांनी योगाभ्यासाच्या शारीरिक परिणामांवर दीर्घकाळ संशोधन केले.

आता पिशवीची जागा छातीवर बांधता येणाऱ्या हलक्या यंत्राने घेतली आहे. त्याचा मुखवटा नाक-तोंड दोन्ही झाकतो, त्यामुळे चिमट्याची तक्रारही उरत नाही. तुळशी घाटावरील स्वामीनाथ आखाड्यापासून विद्यापीठाचे सिंहद्वार पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पण मल्लाला तिथे नेऊन प्रयोगशाळेतल्या सायकलवर बसवून काढलेला आकडा गदेला लागू पडत नाही. म्हणून शरीरशास्त्राच्या अभ्यासकांनीच हे यंत्र घेऊन आखाड्याच्या मातीतच उतरावे.