प्राणवायू पोचला, जंतू हटले नाहीत

कॉन्टॅक्ट लेन्स लावून झोपलेल्या सहा अमेरिकी रुग्णांची बातमी २०१८ मध्ये बहुतेकांनी वाचली असेल. सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेच्या अहवालातला ५९ वर्षांचा गृहस्थ दोन दिवस शिकारीला गेला आणि लेन्स न काढताच झोपला. पुढे अंघोळीनंतर टॉवेलने पुसताना डोळ्यात काहीतरी फट्‌दिशी फुटल्यासारखं झालं. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, भोक पडलं होतं. तो बदलावाच लागला. सतरा वर्षांच्या मुलीने तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लेन्स घेतल्या होत्या. तिच्या डोळ्यात फूल पडलं.

‘रात्री डोळ्याला श्वास घेता येत नाही,’ असं यावर चष्म्याच्या दुकानातही सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. दिवसा तो हवेतून प्राणवायू घेतो. डोळा मिटला की पापणीच्या आतल्या बाजूने मिळेल तेवढ्यावर, म्हणजे साधारण एक तृतीयांशावर, त्याला रात्र काढावी लागते. त्यात मध्ये लेन्स आली की तो सुजतो. किती प्राणवायू पोचला तर ही सूज नेहमीच्या झोपेइतकीच राहील, याचं गणित सिडनीच्या ब्रायन होल्डन यांनी १९८४ मध्ये सहकाऱ्याबरोबर मांडलं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेशी जवळचं नातं असलेले हे संशोधक नुसतं गणित मांडून थांबले नाहीत. त्यात बसणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स घडवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९८१ मध्ये सलग तीस दिवस वापरायच्या लेन्सना परवानगी दिली होती. १९८९ मध्ये आकडे आले: रोज काढायच्या मऊ लेन्स वापरणाऱ्या दहा हजारांत वर्षाला चौघांना कॉर्नियाचा संसर्ग, रात्रीही ठेवणाऱ्यांत एकवीस जणांना. तीस दिवसांचे सात झाले. मग सिलिकॉनच्या लेन्स आल्या, प्राणवायूचा प्रश्न सुटला आणि २००१ मध्ये ‘तीस रात्री’ पुन्हा बाजारात आल्या.

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिओना स्टेपलटन यांच्या पाहणीने त्यातली हवा काढली. या नव्या लेन्स लावून झोपणाऱ्यांत प्रमाण दहा हजारांत पंचवीसच्या आसपास निघालं. सूज कमी झाली होती, संसर्ग तिथल्या तिथेच होता. जाहिरातींत मात्र अजूनही प्राणवायूचाच गजर चालतो.

संसर्ग न हटण्याचं कारण वेगळं आहे. जागेपणी प्रत्येक उघडझापीबरोबर डोळा धुतला जातो. झोपेत लेन्समागे अश्रू साचून राहतात आणि स्यूडोमोनास जंतूला आयता निवारा मिळतो. हा जंतू नळाच्या पाण्यात, ओल्या डबीत असतोच. कॉर्नियापाशी पोचला, की एक-दोन दिवसांत तिथे जखम करू शकतो.

वर्षाला चार-पाचशेंत एक, हा धोका कुणाला किरकोळ वाटेल. पण पाच सेकंदांत काढून ठेवायच्या वस्तूसाठी तो का पत्करायचा?

चुकून झोप लागलीच, तर उठल्यावर लेन्स ओढू नये. निर्जंतुक थेंब घालून ती सैल होऊ द्यावी. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा आणि लेन्स, डबी दोन्ही सोबत न्याव्यात. त्यांवरून जंतूची तपासणी करता येते. आपल्याकडे आधी मेडिकलवाल्याकडून थेंब आणले जातात. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, आणि संसर्ग बुरशीचा असला तर ती आत फोफावत राहते.