ध्वनिमुद्रणाचें शिक्षण : कोणासाठीं व कोठें ?

(नभोवाणीवरील भाषण)



दहावी-बारावीचे निकाल लागले कीं आमच्या वऱ्हाडांतील घरोघरीं एकच विषय निघतो : मुलाला आतां कोठें घालावें ? डॉक्टरी, इंजिनियरिंग, बँक आणि स्पर्धापरीक्षा ह्या चार वाटा सर्वांना पाठ आहेत. परंतु अलीकडे कांहीं मुलें पांचव्याच वाटेचें नांव घेऊं लागलीं आहेत. "मला ध्वनिमुद्रण शिकावयाचें आहे," असें मुलगा म्हणतो, आणि वडील विचारतात, "म्हणजे लाउडस्पीकरवाला होणार काय ?" ह्या प्रश्नांत रागापेक्षां काळजीच अधिक असते. त्या काळजीला आज थोडेंबहुत उत्तर द्यावें असा माझा विचार आहे.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें शिकलों नाहीं. सारा जन्म शाळामास्तरकींत गेला. अशा माणसानें महाविद्यालयाच्या निवडीवर बोलावें हें कित्येकांस धाडसाचें वाटेल. पण ह्याच बाबतींत मीं एक चूक केलेली आहे, व ती एका हुशार मुलाला भोवली. तीच माझी बोलण्याची पात्रता.

मूर्तिजापूर तालुक्यांतील एका शाळेंत मी शिकवीत होतों. गणेशोत्सवांत कर्णा शीळ घालूं लागला कीं मोठीं माणसें यंत्राच्या खटक्यांशीं झटत. आठवींतला एक मुलगा मात्र उठून मायक्रोफोनच कर्ण्याच्या मागल्या बाजूस नेऊन ठेवी, आणि शीळ बंद होई. कर्ण्यांतून निघालेला आवाज पुन्हां मायक्रोफोनांत शिरतो, मोठा होऊन पुन्हां कर्ण्यांतून निघतो, आणि हें चक्र सुरू झालें कीं शीळ वाजते. हें त्याला कोणीं शिकविलें नव्हतें, त्यानें तें ऐकून ओळखलें होतें. दहावीनंतर त्याचे वडील सल्ला विचारावयास आले. मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, "मुलाला आवाजाची आवड आहे. त्याला कला शाखेंत घाला, संगीत घेऊं द्या. विज्ञानाच्या भानगडींत पाडूं नका." मुलगा संगीत घेऊन बी. ए. झाला. पुढें पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमाचें माहितीपत्रक घेऊन वडील माझ्या ओसरीवर आले. पदवी कोणत्याही शाखेची चालेल, परंतु बारावीला भौतिकशास्त्र झालेलें असलें पाहिजे, अशी त्यांत अट होती. त्यांनीं त्या ओळीवर बोट ठेवलें. बोलले कांहीं नाहींत. मलाही बोलण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

माझी चूक कोठें झाली ? आवाजाची आवड आणि गाण्याची आवड ह्या दोन्ही मीं एकच समजलों. वस्तुतः ह्या क्षेत्रांत तीन निरनिराळ्या वृत्तींचीं माणसें लागतात. एकाला स्वतः गावयाचें किंवा वाजवावयाचें असतें. दुसऱ्याला दुसऱ्याचें गाणें जसेंच्या तसें, किंबहुना अधिक स्वच्छ, टिपून ठेवावयाचें असतें. तिसऱ्याला गाणाऱ्याचा कार्यक्रम ठरविणें, करार करणें, मानधन वसूल करणें ह्यांत गोडी असते. ह्या तिघांच्या शिक्षणाच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि आपलें मूल तिघांपैकीं कोण, हें ठरविल्यावांचून माहितीपत्रकें मागविण्यांत अर्थ नाहीं.

पहिल्या वाटेविषयीं फार सांगावयास नको, कारण ती आपल्या ओळखीची आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. त्या परंपरेंतील प्रारंभिकपासून विशारद व अलंकारपर्यंतच्या परीक्षा आज अमरावती-अकोल्याचीं मुलें देतात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठांत बी. ए. ला संगीत घेतां येतें. पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र आहे. शिवाय मुंबई-हावडा लोहमार्गानें राजनांदगांवास उतरून पुढें गेलें कीं खैरागढचें इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय लागतें. तें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं स्थापन झालें. त्या दिवशीं आपला विदर्भ व खैरागढ एकाच मध्यप्रदेश राज्यांत होते. अवघ्या अठरा दिवसांनीं राज्यपुनर्रचना झाली आणि तें आपल्याला परराज्यांतलें झालें! मात्र गाणाऱ्यानें पोटाचा विचार सोडूं नये. मूर्तिजापूर ही ज्यांची जन्मभूमि, त्या वसंतराव देशपांडे ह्यांनीं संरक्षण खात्याच्या हिशेबाच्या कचेरींत दीर्घकाळ नोकरी केली, आणि 'कट्यार काळजांत घुसली' ह्या नाटकांतील त्यांची भूमिका रसिकांनीं १९६७ सालीं पाहिली. नोकरीनें त्यांचें गाणें मेलें नाहीं.

आतां दुसरी वाट, ध्वनिमुद्रणाची. येथें गोड गळा उपयोगी पडत नाहीं; चिकित्सक कान आणि शास्त्राची बैठक लागते. एक उदाहरण घ्या. हवा २० अंश उष्ण असतांना ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. अकोल्याच्या मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर गेला कीं तोच वेग ३५८ मीटरांच्या आसपास पोहोंचतो. त्यामुळें बांसरीचा सूर चढतो, आणि उष्णतेनें लांबलेली तंबोऱ्याची तार उतरते. सकाळीं एकमेकांशीं जुळलेलीं वाद्यें दुपारीं भांडूं लागतात. गवयाला हें नुसतें जाणवतें. तें कां होतें हें ध्वनिमुद्रकाला ठाऊक असावें लागतें. दुसरें उदाहरण संगणकाचें. गाणें संगणकांत सांठवितांना ध्वनीचें मोजमाप एका सेकंदांत ४४,१०० वेळां, व चित्रपटासाठीं ४८,००० वेळां, घेतात. हे आंकडे कोणाच्या लहरीनें ठरलेले नाहींत. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. आणि कंपन नीट टिपावयाचें तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां मोजावें लागतें, असा गणिताचा नियम आहे. ज्याला हा नियम कंटाळवाणा वाटतो त्यानें ह्या वाटेला जाण्यापूर्वीं पुन्हां विचार करावा. ज्याचे डोळे तो ऐकतांना चमकतात त्याला अडवूं नये.

ह्या विद्येचें शासकीय पीठ म्हणजे पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. १९३३ सालीं प्रभात कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली, आणि 'संत तुकाराम' हा १९३६ चा चित्रपट तिनें ज्या आवारांत निर्माण केला, त्याच आवारांत १९६० सालीं ही संस्था उघडली. ध्वनिमुद्रण व ध्वनिसंयोजन ह्यांचा तेथील अभ्यासक्रम पदवीनंतरचा, तीन वर्षांचा आहे. २००९ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळविणारे रसूल पूकुट्टी येथलेच विद्यार्थी, आणि येथें येण्यापूर्वीं ते भौतिकशास्त्राचे पदवीधर झालेले होते. कलकत्त्यास १९९५ सालीं स्थापन झालेली सत्यजित राय ह्यांच्या नांवाची संस्थाही हाच विषय शिकविते. दोन्ही ठिकाणीं जागा मोजक्या व प्रवेशपरीक्षा कठीण.

म्हणून मध्यमवर्गीय कुटुंबाला मी जी वाट सुचवितों ती अशी. अकरावीला विज्ञान घ्यावें. पुढें बी. एस्सी. भौतिकशास्त्र घेऊन घरच्याच गांवीं करावें. अमरावतीस १९२३ सालीं किंग एडवर्ड कॉलेज म्हणून निघालेली शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था आहे. अकोल्यास तोष्णीवाल विज्ञान महाविद्यालय आहे. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका किंवा पदवी हाही मार्ग उत्तम. सोबत संध्याकाळीं गांधर्वच्या परीक्षा देत राहाव्या, कारण ज्याला ताल-सूर कळत नाहीं त्यानें गाण्याचें मुद्रण करणें म्हणजे लिपि न जाणणाऱ्यानें खिळे जुळविण्यासारखें आहे. पदवी हातीं येईल तेव्हां मुलगा एकवीस वर्षांचा होईल. तोंवर आवड टिकली तर पुण्याची परीक्षा द्यावी. न टिकली तर विज्ञानाची पदवी कोठें जात नाहीं. ह्या मार्गांत वेळ लागतो खरा, पण घर गहाण पडत नाहीं.

घर गहाण पडण्याची गोष्ट मी उगीच काढीत नाहीं. मोठ्या शहरांतून ध्वनिमुद्रणाच्या खासगी संस्था पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांत चांगल्याही आहेत. परंतु माझ्या परिचयांतील एका कुटुंबानें कर्ज काढून मुलाला अशाच एका संस्थेंत घातलें. वर्गांत तीस मुलें आणि ध्वनिमिश्रणाचें यंत्र एक ! वर्ष संपलें तेव्हां त्या यंत्रावर त्याचा हात बोटांवर मोजण्याइतक्या वेळांच पडला होता. पोहणें शिकावयास गेलेला मुलगा वर्षभर कांठावर बसून राहिला, असाच तो प्रकार.

तेव्हां पैसे भरण्यापूर्वीं वडिलांनीं स्वतः तेथें जावें आणि कांहीं गोष्टी स्पष्ट विचाराव्या. येथें मिळणारी पदवी कोणत्या विद्यापीठाची, व त्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय ? आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करितो, ती पाहावी. एका विद्यार्थ्याला आठवड्यांतून किती तास यंत्रावर एकट्यानें काम करावयास मिळतें ? शिकविणारे गृहस्थ स्वतः आज ध्वनिमुद्रण करितात काय ? मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांनीं केलेलीं कामें ऐकवाल काय ? मूल मध्येंच परतलें तर पैसे किती परत मिळतील ? पहिल्या वर्षाच्या फीचा आंकडा ऐकून हिशेब करूं नये. पुण्या-मुंबईचें खोलीभाडें, खानावळ व प्रवास धरून सर्व वर्षांची बेरीज करावी. ह्या प्रश्नांचीं सरळ उत्तरें मिळालीं तर संस्था चांगली. उत्तराऐवजीं दिवाणखान्यांतील प्रसिद्ध व्यक्तींचीं छायाचित्रें दाखविण्यांत आलीं, तर चहा घेऊन परत यावें.

तिसरी वाट संगीत-व्यवसायाची. तिच्यासाठीं वाणिज्य किंवा कायद्याची पदवी हाच भक्कम पाया होय. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. २०१२ सालीं त्यांत सुधारणा झाली, आणि चित्रपटगीताचा कवि व संगीतकार ह्यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनांतील आपला वाटा निर्मात्याला लिहून देतां येणार नाहीं, असें ठरलें. मुद्रित ध्वनीचा कर्ता मात्र कायद्याच्या दृष्टीनें निर्माताच. ज्यानें रात्रभर जागून मुद्रण केलें तो नव्हे. म्हणून ध्वनिमुद्रकानेंही आपला मोबदला कामाआधींच कागदावर ठरवावा. हें ज्याला समजतें व दुसऱ्यास समजावून सांगतां येतें, अशा माणसाची कलावंतांना नेहमींच गरज असते.

आपलें मूल दुसऱ्या वाटेचें आहे कीं नाहीं, हें घरच्या घरीं पाहतां येतें. आजीला एखादी ओवी म्हणावयास सांगा, आणि मुलाला फोनवर ती तीनदां टिपूं द्या : एकदां वीतभर अंतरावरून, एकदां चार हातांवरून, एकदां खोलीच्या दुसऱ्या टोंकाहून. मग त्याला विचारा, तिहींत फरक काय ? "तिसरा आवाज लहान आहे," एवढेंच तो म्हणाला, तर घाई करूं नका. "तिसऱ्यांत आजी कमी आणि खोली जास्त ऐकूं येते, आणि मध्यें कूलरची घरघर आहे," असें म्हणाला, तर त्याचा कान जागा आहे. अंतर दुप्पट झालें कीं समोरून येणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, पण भिंतींवरून परतणारा आवाज तेवढा घटत नाहीं. तो न शिकतां ह्याच नियमापर्यंत पोहोंचला आहे. आणि असा कान जपावा. ८५ डेसिबलच्या आवाजांत आठ तासांहून अधिक काम करूं नये, असा दंडक आहे. मिरवणुकींतील कर्ण्यांच्या भिंती ह्याच्या पुष्कळ पलीकडे जातात. ज्याला कानावर पोट भरावयाचें आहे त्यानें त्यांच्यापुढें नाचूं नये.

माझ्या त्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें, हें आपण विचाराल. तो फुकट गेला नाहीं. सभा-संमेलनांना ध्वनियोजना पुरविण्याचा त्याचा धंदा आज अमरावतीस चांगला चालतो, आणि त्याच्या कर्ण्यांची शीळ कोणीं ऐकलेली नाहीं. मला त्यानें कधीं शब्दानें दुखविलें नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत तो आपल्या दहावी झालेल्या मुलीला घेऊन आला. तिलाही तोच छंद. मी बोलावयास तोंड उघडणार, तोंच तो हंसून म्हणाला, "गुरुजी, ह्या खेपेला आंधी कागद वाचू जी, मंग बोलू." आम्ही तिघांनीं ओसरीवर बसून पुण्याचें माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलें. मुलीनें अकरावीच्या अर्जावर विज्ञान लिहिलें. पुढें तिला प्रवेश मिळेल किंवा न मिळेल. पण दार तिच्यासाठीं उघडें आहे, आणि ह्या वेळीं तें मीं लावलेलें नाहीं.